खंडेनवमीला धुतलेले दगड

धारवाड, १८ ऑक्टोबर १९८३

चि. सुलभास, अ. उ. आ.

मागच्या दारी बसले होते, तू आठवलीस. लहानपणी उलथणं घेऊन पेरूखाली खणत बसायचीस. जेवायला हाक मारली की म्हणायचीस, मावशी थांब, अजून तळ लागला नाही. तुझी आई रागवायची, मी हसायचे. आता कलघटगीजवळ सरकारी यंत्र लावून तेच करतेस.

एक विचारायचं आहे. कॅंपात पाणी शिरतं म्हणून बोअरमधल्या दगडी कांड्यांची लांब पेटी तू माझ्या व्हरांड्यात ठेवलीस. खंडेनवमीला विळी, शिवणाचं मशीन सगळं धुऊन पुजलं. वाटलं, सुलूचीच हत्यारं का राहावीत? कांड्या रिठ्याच्या पाण्यात घासल्या. पिवळे आकडे आणि बाण निघाले, तेव्हा मळच गेला असं वाटलं. कॉन्व्हेंटची शिस्त अंगात मुरलेली, म्हणून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावल्या. फार सुंदर दिसतात! पण शेजारच्या जयलक्ष्मीअक्का म्हणाल्या, आकडे कशाला पुसलेत हो? तेव्हापासून घास उतरत नाही. काही बिघडलं का गं? खरं लिही.

तुझी,
अनसूयामावशी


कलघटगी कॅंप, २१ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

पत्र वाचून मटकन बसले. मग हसले. मग पुन्हा बसले.

ती सगळ्यात खोलची पेटी आहे गं. तिथेच नळी अडकली, आता त्याखालचं काही वर येणार नाही. कुठला दगड कुणाच्या खाली होता, हेच तर आम्हाला हवं असतं. क्रम गेला की उरते खडी. महिनाअखेरीला साहेब पेटी बघून ठरवणार, दुसरं बोअर द्यायचं की कॅंप गुंडाळायचा.

रडू नकोस. कांडी जिथे तुटते, तिथली कड फक्त आपल्या जोडीलाच बसते, फुटक्या बशीसारखी. एकेक लावून बघ. घासू मात्र नकोस! आधीच्या पेटीतली शेवटची कांडी मारुती ड्रायव्हरबरोबर पाठवते. ती ज्या टोकाला बसेल ते वरचं. अक्कांना मदतीला घे, आणि भांडू नका.

तुझ्यावर रागवायला न जमणारी,
सुलू


धारवाड, २६ ऑक्टोबर

चि. सुलूस आशीर्वाद.

बसली! मारुतीची कांडी एका टोकाला लावली, नाही जमली. दुसऱ्या टोकाला लावली आणि अशी बसली की मध्ये केस जाणार नाही. अक्कांनी कानडीत अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा भाजीवाला आत आला.

एक तुकडा मात्र कशालाच बसेना. आम्ही हैराण. शेवटी अक्कांनीच ओळखला, त्यांचा मोडका वरवंटा! पूजेच्या गडबडीत मीच उचलून आणला होता. भांडण तेवढ्यावरूनच झालं.

आता नीट वाच. पेटी तुझ्याच हाती द्यायची, मारुतीला बजावलं आहे. सांधे हलू नयेत म्हणून शिवणाच्या चिंध्या बांधल्यात. वरच्या टोकाला कुंकवाचं बोट आहे, आकडे घालेपर्यंत पुसू नकोस. चकल्या कॅंपातल्या मुलांना. पेढे साहेबांना, पण पेटी बघून झाल्यावर. वरवंटा अक्कांना पोचला.

आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते वाकडं उलथणं तुझं. टोकाला अजून पेरूखालची माती आहे. हे मात्र मी घासलेलं नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मावशी