राष्ट्रकुल दिनाचं गूळपाणी

बर्मिंगहॅम, २५ मे १९५९

आईच्या पायावर रामहरीचं लांबूनच डोकं.

मी बरा हाय. खोकला गेलाय, तवा घोर लावून घेऊ नको. तांबडी गाय व्याली का? कालवड झाली का गोऱ्हा?

काल हितं राष्ट्रकुल दिन झाला. इंग्रजांच्या राज्यात नांदलेले देश एकाच घरचे, असं मानायचा हा दिवस. चर्चच्या हॉलात लांबलांबची माणसं यायची होती, म्हणून तू ट्रंकेत घातलेली गुळाची ढेप घेऊन मी दारात उभा राहिलो. येईल त्याच्या हातावर खडा ठेवला आन पाणी दिलं.

कारखान्यात माझ्या शेजारी जमैकाचा जोसेफ काम करतो. त्यानं खडा तोंडात टाकला आन डोळं मिटलं. "माझी आई बी असाच रस आटवती," म्हणाला. मी बी डोळं मिटलं. आपल्या कळस गावचं गुऱ्हाळ दिसलं. कढईच्या वाफंत तू आन त्याची आई, दोघी शेजारी बसून बोलत होतात. शेत आपलं का त्याचं, ते उमगंना.

हॉल सांभाळणारी म्हातारी गोरी बाई म्हणाली, "पाहुणचार बघून वाटतं, हे तुमचंच घर आहे." सगळी हसली. मी बी हसलो. पर ते बोलणं मनातनं जात न्हाय.

यंदा रजा मिळंल असं दिसत न्हाय. पुढल्या साली येईन. तवा दारात मला गूळपाणी देऊ नको, आई. ते पाव्हण्याला देतात. मला चुलीपाशी बसव आन उशीर केला म्हणून रागं भर.

तुझाच,
रामहरी