विहिरीतला लाल थर

६ एप्रिल
वलगावला पोचले आणि आल्या आल्या मन प्रसन्न झालं. अकोल्याहून निघताना आईने चिवड्याचा डबा नि शंभर सूचना दिल्या होत्या. इथे एकीचीही गरज पडली नाही. मी आले चंद्रभानकाकांच्या शेतातल्या नव्या विहिरीसाठी. वर काळी जमीन, खाली मुरूम, मग काळा पाषाण आणि त्याच्या पोटात हातभर जाडीचा लालभडक मातीचा थर. एका लाव्ह्यावर माती तयार झाली, तिच्यात झाडं वाढली, मग दुसरा लाव्हा आला आणि तिला भाजून, गाडून गेला. सहा कोटी वर्षं तिने ऊन पाहिलं नाही. माझा प्रबंध तिच्यातल्या लोहावर आहे.

मुक्काम त्यांच्याच घरी. जमुनाकाकूंनी त्याच मातीने घरभर भिंती सारवल्यात. शेणसुद्धा लागलं नाही म्हणे, आपसूक चिकटली. मुलगा अमोल शेती बघतो, त्याची बायको आचल आठव्या महिन्यात आहे. तिने भाकर-ठेचा वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसे सगळे हसले.

९ एप्रिल
काळ्या जमिनीतही लोह भरपूर असतं, पण डोळ्यांना दिसत नाही. या थरात ते गंजून हेमॅटाइट झालं, म्हणून हा रंग. आचलला हे सांगत होते. तिने विचारलं, "म्हंजे आपल्या रक्तात असते तेच लोखंड का, ताई?" मी हो म्हटलं. तिला रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत, तरी तळवे खडूसारखे.

दुपारी ती भिंतीचे पोपडे काढून खात होती. काकू म्हणाल्या, "पोटुशी बाई माती खातेच वं. अमोलच्या वक्ती मीबी खाल्ली." रक्त कमी असलं की असे डोहाळे लागतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी नको म्हटलं. तिने मान डोलावली आणि तोंड पुसलं.

१३ एप्रिल
आचल दुपारभर जिथे पाठ टेकून बसते, तिथे भिंत जास्त लाल झाली आहे. खांदे, मान, डोकं, सगळं ओळखू येतं. तेलाचा डाग असेल म्हणून खरवडून सोबत आणलेल्या यंत्रावर तपासलं. विहिरीतल्या मातीपेक्षा लोह कितीतरी जास्त. माती तर तीच, एकाच खड्ड्यातली. पुन्हा तपासलं. फरक नाही.

मग माझ्या उशीजवळची भिंत तपासली. तिथेही वाढलंय.

आरशात बराच वेळ माझे ओठ बघत होते.

१५ एप्रिल
काल अमरावतीच्या दवाखान्यात आचलला रक्त चढवलं. येताना गाल गुलाबी, अमोलची थट्टा करत होती. आज दुपारी पुन्हा कागदासारखी. बाहेर माणसं उन्हाने भाजताहेत आणि भिंत ओली आहे.

घरच्यांना सगळं सांगितलं, ही माती अंगातलं रक्त ओढतेय म्हणून. काका उठून विहिरीकडे गेले. अमोलने भिंतीवर हात फिरवला. मग म्हणाला, "उद्या खरवडून टाकतो सारी."

१६ एप्रिल
सकाळपासून अमोल खरवडत होता. धुळीने केस, पापण्या लाल. तोंडाला दुपट्टा बांध म्हटलं, बांधला. दुपारी आवाज थांबला.

मागच्या अंगणात, खरवडलेल्या मातीच्या ढिगावर बसला होता, खुरपी हातात. जखम कुठेच नाही. डॉक्टरांनी सुई टोचली, काहीच आलं नाही. रक्त नव्हतंच.

ढीग गरम होता. काकू त्याचं तोंड पुसत राहिल्या.

१७ एप्रिल
पुरुषमंडळी अग्नी देऊन परतली. आचल घरात नव्हती. मागच्या अंगणात ढिगात बसून दोन्ही मुठींनी — मी तिचे हात धरले. माझ्यात जोर उरला नाही. "खाऊ द्या ताई. पोटातल्याले भूक लागून राहिली."

काका फावडं घेऊन ढीग विहिरीत लोटायला निघाले, काकूंनी अडवलं. "एक तर गेला, आता तुमी नका —"

आचलला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नाहीत. गाडी बोलावली आहे.

१८ एप्रिल
दवाखाना. व्हरांड्यात बसून लिहितेय, उभं राहवत नाही. रक्ताच्या पिशव्या लावताहेत, रिकाम्या होताहेत. डॉक्टरीणबाई विचारतात, जातंय कुठे? मी सांगितलं. पुन्हा सांगितलं. पाया पडले. मला बाकावर आणून बसवलं. बाळाचे ठोके मात्र छान आहेत म्हणतात.

दुपार
आचल गेली.

मुलगा झाला. वजनदार, लालबुंद. नर्सने आणून काकूंच्या हातात दिला. ती नर्स आता दाराला धरून खाली बसली आहे — कोणीतरी तिला पाणी —

काकू माझ्याकडे येताहेत. खाली ठेवा म्हणतेय. काकू, ठेवा त्याला, कुठेही ठेवा — ऐकत नाहीत. नाक अमोलचंच म्हणतात. हसताहेत. ओठ पांढरे पडलेत.

पाय लटपटताहेत त्यांचे. खाली फरशी —

"धर वं निधी. मले सुधरून नाही राहिलं. पोट्टं पडन, धर —"

रडतंय ते. एवढंसं. मी हात