पंखवाल्या मगरीचा मनगटाचा सांधा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत हे लिहिते. कोणाचा दबाव नाही. तेवढी कोणाची छाती झालेली नाही.

एक. राहते घर आणि ठेव धाकट्या बहिणीच्या मुलीला. जावईबापूंना माझा शब्दकोश. तोंड उघडण्याआधी त्यांनी तो उघडावा.

दोन. शिवणयंत्र समोरच्या शिंपिणीला. उसनी नेलेली कात्रीही तिचीच. नाहीतरी परत देणार नव्हतीच.

तीन. दिवाणखान्यातले चित्र. हे धाकटीने काढले. ढगावर मनोरा, त्याला विळखा घातलेली पंखवाली मगर, तिच्या जबड्यात एक मुलगी. प्रदर्शनात, सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या जावईबापूंनी सर्वांना अर्थ सांगितला, "मनोरा म्हणजे कलावंताचं मन. आणि त्याला गिळणारी मगर म्हणजे... मावशी, राग मानू नका हं!" सगळे हसले. धाकटीही हसली. मी चित्र तिथल्या तिथे विकत घेतले आणि घरी भिंतीकडे तोंड करून टांगले. तिच्याशी बोलणे बंद. नऊ वर्षे.

गेल्या महिन्यात भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने ते उतरवून चित्राची बाजू बाहेर करून ठेवले. चौतीस वर्षे मी हाडांचे फोटो काढले. अर्थ डॉक्टरांनी लावायचा, मी गप्प बसायचे. या वेळी बसले नाही. मगरीचे डावे मनगट वाकडे जुळलेले आहे. माझेही आहे. शाळेच्या भिंतीवरून पडणाऱ्या सहा वर्षांच्या धाकटीला झेलताना मोडले होते. खोटे बोलणे पाप, असे शिकवणाऱ्या शाळेतल्या सिस्टरांनाही मी 'पाय घसरला' एवढेच सांगितले. खरे आम्हा दोघींनाच ठाऊक. आणि मगर मुलीला गिळत नाही. तिने फ्रॉकची कॉलर दातांत धरली आहे, खाली पडू नये म्हणून.

मी फोन केला. "कॉलर दिसली."

"नऊ वर्षं लागली, ताई?"

"भिंतीकडे तोंड होतं."

"कोणाचं? चित्राचं की तुझं?"

चित्र तिलाच देणार होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, असे वकील म्हणाले, तर ही म्हणते, "मग मी साक्षीदारच होईन. चित्र तुझ्याकडे राहू दे, मी येत जाईन." सबब माझ्यानंतर चित्र भाचीकडे. त्याचा अर्थ सांगण्यास जावईबापूंना कायमची मनाई.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. सोळा तारीख, गुरुवार.

सही: (थोरली)

साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्य बाई.
२. धाकटी बहीण, चित्रकार. शेरा: ताई पूर्ण शुद्धीत आहे. मगर हसते आहे, हे मात्र तिला अजून दिसलेले नाही.