जिन्यातला रविवार

प्रिय भिंगरी,

त्या सकाळी मी तुझ्या स्कर्टची उसवलेली शिवण घालत होते आणि मिशनच्या अध्यक्षांचा फोन आला. बदल्यांचा मोसम नव्हता, त्यामुळे मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. पण दूरच्या गावात एका सिस्टरचा पाय मोडला होता, तिची जोडीदारीण एकटी पडली होती, आणि आपल्यासारख्या धर्मप्रचारक मुलींना एकटीने राहायची मुभा नाही. मला तिकडे धाडलं, तुला शेजारच्या जोडीत तिसरी म्हणून घातलं. दुपारी मी गाडीत होते. इतके महिने आपण दोघी म्हणजे माणूस आणि त्याची सावली. गाडीत डोळा लागला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंना मी म्हणे झोपेत हाक मारली, “भिंगरे, हळू चाल.” त्या बिचाऱ्या पाय आखडून बसल्या.

इथलं चर्च म्हणजे हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीवरची एक लांबट खोली. लाँड्री रविवारीही चालू असते. फळ्यांच्या फटींतून वाफ वर येते, खिडक्या दुधासारख्या पांढऱ्या होतात आणि बाहेरचं गाव नाहीसंच होतं. प्रार्थनेला डोळे मिटले की जमीन पायांखाली हलकेच थरथरते. वाटतं, खोली काठापासून सुटली आणि आपण सगळे कुठेतरी वाहत निघालो. सगळे म्हणजे किती, तर एका रांगेत मावतील एवढे. इथल्या शाखेचे अध्यक्ष कवळ्या बनवतात. गावभर लोक त्यांनी केलेल्या दातांनी हसतात आणि त्यांचे स्वतःचे पुढचे दोन गायब! त्यांची बायको म्हणते, दिव्याखाली अंधार. झाडलोट तेच करतात, प्रभुभोजनाच्या भाकरी-पाण्यावर आशीर्वाद तेच म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, “सिस्टर, फार जीव लावू नका. ही खोली सोडायचं चाललंय वरती.” खोली गेली की सगळ्यांनी मोठ्या शहरातल्या चर्चला जायचं. तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. म्हणजे कुणीच जाणार नाही.

पण मला सांगायचंय ते जिन्याबद्दल. जिन्याच्या वरच्या वळणावर दर रविवारी एक मावशी बसलेली असायची. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते. सभा सुरू झाली की यायची, संपायच्या आत जायची. दार मुद्दाम उघडं ठेवलेलं असायचं आणि ती बाहेरूनच गाणी म्हणायची. गळा असा की आतले सगळे तिच्या सुरात सूर मिसळायचे, आणि कुणी मागे वळून बघायचं नाही. अध्यक्षांच्या बायकोला विचारलं तर म्हणाल्या, “तिला आत बोलवू नका हं. बोलावलं की महिनाभर येत नाही.”

मग मी बोलावलं नाही. एका रविवारी उठले आणि तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. ती सरकली, एवढंच. मग समोरच्या भिंतीकडे बघत तिनेच सुरुवात केली. तरुणपणी तीही आपल्यासारखीच मिशनवर गेली होती. तिथे झोप उडाली, घास उतरेना. मुदतीआधीच तिला घरी पाठवलं. “रागावलं कुणीच नाही गं,” ती म्हणाली. “सगळे मायेनेच विचारायचे, काय झालं, काय झालं. मला उत्तर देता येईना. एके दिवशी दाराशी आले आणि पाय उचललाच नाही.” तेव्हापासून ती तिथेच.

आता गंमत ऐक. मी बाहेर, म्हणून माझ्या नव्या जोडीदारिणीलाही नियमाप्रमाणे बाहेर यावं लागलं. ती खालच्या पायरीवर बसली. दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून अध्यक्ष डोकावले, आम्हाला तिघींना बघितलं, डोकं खाजवलं आणि आत वळून म्हणाले, “अहो, माणसं इथं आहेत. मग आपण आत काय करतोय?” हातात भाकरीचं ताट घेऊन तेही पायरीवर आले, मागोमाग बाकीचे. खालून धुतलेल्या कापडाचा उबदार वास येत होता आणि त्या पांढऱ्या वाफेत कोण वरच्या पायरीवर, कोण खालच्या, काही कळेना. ताट मावशीपर्यंत आलं. तिने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं आणि काही न उचलता पुढे दिलं. मग तिने गाणं उचललं, आणि लाँड्रीतल्या बायकांनी खाली यंत्र थांबवलं.

खोली सुटायची ती सुटलीच. शेवटच्या सभेत अध्यक्ष रडवेले होऊन विचारत होते, आता पुढच्या रविवारी जमायचं कुठे. तेव्हा मावशी म्हणाली, “माझी पुढची खोली मोठी आहे. शिवणयंत्र सरकवलं की मावाल.” गेल्या रविवारी आम्ही तिच्या दाराशी गेलो तर दार आधीच उघडं, आणि ती उंबऱ्याच्या आत उभी राहून एकेकाला म्हणत होती, “या, आत या.”

भिंगरे, तुझ्या आईशी फोनवर बोलले. तू मुदतीआधीच घरी परतलीयस हे मला कळलंय. तू खोलीबाहेर येत नाहीस, कुणी आलं की दिवा मालवतेस, हेही कळलं. काय झालं असं मी विचारणार नाही. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते, आणि आईबाबांना सांगून ठेवलंय की मी आधी तुझ्याकडे उतरणार. चर्चचा विषय काढणार नाही, बाहेर चल म्हणणार नाही. तू दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर मी बाहेर जमिनीवर बसेन, आणि कंटाळून तिथेच झोपून गेले तर माझं घोरणं तुला ठाऊकच आहे. अख्ख्या गल्लीची झोप मोडेल, आणि मला उठवायला तुलाच बाहेर यावं लागेल.

तुझीच, भिंती हादरवणारी
घोरपड