दाजींच्या गाडीचं नवं इंजिन

उद्यमनगर, कोल्हापूर

ती. दाजींना, हात ग्रीसनं माखलेले असल्यामुळं लांबूनच साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे खुशाल. आपला बीपी कसा आहे? (आजची गोळी घेतली नसेल तर आधी घ्यावी, मग पुढं वाचावं.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण मध्येच बोलता आणि माझा मुद्दा राहून जातो.

आपली लाल टू-सीटर माझ्या गॅरेजात आहे. ज्या गाडीतून आपण अंजाक्काला आमच्या दारातून नेलंत, त्याच गाडीतून स्वप्नालीची वरात निघावी, ही आपली इच्छा मी विसरलेलो नाही. मामा आहे मी तिचा. गाडी खोकते म्हणून आपण नाशिकहून ती फक्त ट्यूनिंगला पाठवलीत, हेही मान्य. पण दाजी, आत जेमतेम हजार सीसीचं इंजिन आणि वर बसणार नवरा-नवरी! (जावईबापूंचा फोटो पाहिला, म्हणून म्हणतो.) उद्यमनगरात तीस वर्षं काढलेल्या माणसानं नुसत्या ट्यूनिंगवर भागवलं असतं, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हणून उलटलेल्या एका जीपचं अडीच हजार सीसीचं डिझेल इंजिन आणलं आणि पिराजी मिस्त्रीला हाताशी घेऊन बसवलं. त्यासाठी पुढचा थोडा पत्रा कापावा लागला, बॉनेटला भोक पाडावं लागलं, आणि एअर फिल्टरला जागाच उरेना, तेव्हा तो काढून ठेवला. डोंगराकडची हवा स्वच्छ असते, असं पिराजीचं मत पडलं.

काय पळाली म्हणून सांगू! पन्हाळा रोडला तीन गाड्या मागं टाकल्या. (एक पंक्चर काढायला थांबली होती, पण मागं पडली हे खरं.) आता नवं इंजिन म्हणजे आमच्या हिशेबानं नवी गाडीच, आणि नवी गाडी जोतिबाला नेल्याशिवाय कोण वापरतो? डोंगरावर गेल्यावर इंजिन मी मुद्दाम चालूच ठेवलं, चार लोकांना आवाज कळावा म्हणून. पिराजीनं नारळ फोडला, "चांगभलं!" म्हणून ओरडला आणि गुलालाची भरली ओंजळ बॉनेटवर उधळली. बॉनेटला भोक, भोकाखाली इंजिनाचं उघडं तोंड. गुलाल एका घोटात आत गेला आणि सायलेन्सरमधून गुलाबी धूर बाहेर पडला. यात्रेकरूंना वाटलं, हा साक्षात चमत्कार. मी दोन्ही हातांनी नको नको म्हणतोय आणि ते ओंजळीवर ओंजळ टाकतायत, वर खोबरंसुद्धा! शेवटी इंजिनानं मोठी उचकी दिली आणि गप झालं. समोरचा नारळवाला म्हणाला, "पावणं, देवानं गाडी ठिऊन घेतली की! आता न्हाय हलायची ही."

टेम्पोत घालून परत आणली. खोटं कशाला बोलू, वाटेत डोळ्यांत पाणी आलं. भाचीच्या वरातीची गाडी माझ्या हातून अशी व्हावी! पण हे फक्त कासारवाडीपर्यंत. पुढं चहा घेतला आणि डोकं चालायला लागलं. एकवीस तारखेला गाडी कार्यालयाच्या दारात फुलं लावून उभी असेल, हा माझा शब्द. अंजाक्काला यातलं काही सांगू नये.

आपला मेहुणा,
बापूसो

ता. क. : आपलं जुनं इंजिन पिराजीनं काल सहज बाकड्यावर चढवून चालवलं. खोकलं नाही. दोष पेट्रोलच्या नळीत होता. कचरा अडकला होता, फुंकर मारली, निघाला. ते परत बसवलं असतं, पण त्याच्या जागेचा पत्रा आता कापलेला आहे.

ता. क. दुसरा : वरातीत पुढं बँड असतो, गाडी माणसाच्या चालीनं जाते, इंजिन लागतं कुणाला? तालमीतली सहा पोरं ढकलायला तयार आहेत. अडचण एवढीच की कार्यालय खाली आणि व्याह्यांचं घर टेंबलाईवर, म्हणजे सगळा चढ. पोरं म्हणतात, उतार असेल तर बोला. तेव्हा आपण वडीलधारे या नात्यानं व्याह्यांना एवढं विचारून बघावं, की वरात त्यांच्या दारातून निघून कार्यालयाकडं आली तर चालेल का? स्वप्नालीला मी विचारलं. पोटभर हसली आणि म्हणाली, "मामा, म्हंजे तुम्ही मला पप्पांच्याकडंच परत आणून सोडताय की!" दाजी, विचारून तर बघा.