फुसीच्या गाण्याच्या चार ओळी

फुसी,

पातेल्यात नारळाच्या दुधातली अळूची पानं आहेत, गरम करून खा. तुझ्या आईचा ऑकलंडहून फोन येईल. मी चर्चमध्ये सरावाला चाललोय. गाणारी आता सहा लहान मुलंच उरलीत.

काल "हे गाणं आहे की पत्रे पडतायत?" असं म्हणून तुझा स्पीकर बंद केला, ते चुकलं. तू म्हणालीस, "आजोबा, तुमची गाणी ऐकली की मयत आठवतं." खरं आहे. तुझ्या आजीला आम्ही तीच गाऊन पोचवलं.

तू शाळेत गेल्यावर जुन्या फोनवर तुझं गाणं दहादा लावलं आणि आपल्या टोंगन रीतीने, प्रत्येक सुराला एक आकडा देऊन, फळ्यावर लिहिलं. चर्चमध्ये गातो तशा चार आवाजांच्या चार ओळी आखल्या, पण एकच भरली. बाकी तिघं कुठे गेली, कळेना. आमच्या वेळी गाणं एकट्याचं नसायचं.

फळा ओसरीवर आहे. आकडे चुकले असतील तर दुरुस्त कर. सर्वांत खालच्या ओळीत मी माझा आवाज लिहून पाहिलाय. नको असेल, तर तेवढी ओळ पुसून टाक.

आजोबा