खोली नंबर सतराची जागा

४ नोव्हेंबर, मंगळ.
बाग उघडून आज महिना झाला. पाचव्या मजल्यावर, पार्किंगच्या डोक्यावर, एवढी हिरवळ अख्ख्या डिलाईल रोडला नाही. संध्याकाळी सहा ते सात कट्ट्यावर बसून माणसं मोजली. वॉचमन (मोबाईलवर), एक मांजर, मी. मांजरही निघायच्या बेतात होती.

कन्सेप्ट नोटमधलं पहिलं वाक्य: 'रहिवाशांना निसर्गाशी जोडणे.' वाक्य सरांचं, बाग माझी. सरांच्या आर्किटेक्ट ऑफिसात नऊ वर्षं घासल्यावर पहिल्यांदा ड्रॉइंगवर माझं नाव लागलंय. त्यात बिल्डिंग आमचीच. चाळ पाडून उभी राहिलेली, चौदाव्यावर आई नि मी, वरखाली सगळी चाळीतलीच मंडळी. परक्यांनी पाठ फिरवली असती तर एवढं लागलं नसतं.

७ नोव्हेंबर, शुक्र.
बोंबला! परबांनी अर्ज फिरवायला घेतलाय. बाग काढा, टू-व्हीलर पार्किंग करा. कांबळे काका (आमचे सेक्रेटरी, पोस्टातून रिटायर, नियम बघितल्याशिवाय शिंकत नाहीत) म्हणाले, "अर्ज आला म्हणजे मीटिंगला घ्यावाच लागणार. २१ डिसेंबर, रविवार. हात वर करून मतदान."
"काका, तुमचा हात?"
"मी सेक्रेटरी आहे."
म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक.

परब म्हणजे चाळीतले आमचे शेजारी. ते १७, आम्ही १६. भिंतीला भिंत. लहानपणी (तेव्हा मी सगळ्यांची शालू) त्यांच्याच स्कूटरवर पुढे उभी राहून फिरलेय. तीच स्कूटर आता माझ्या बागेत लावणार!

९ नोव्हेंबर, रवि.
अर्जाची झेरॉक्स बघितली. अठ्ठेचाळीस घरांपैकी बत्तीस सह्या. तेविसावी आईची!!!

जाब विचारला. म्हणे, "परब इलो, बसलो, च्या पिलो. सही मागल्यान, दिलंय. घराक इलेल्या माणसाक नाय म्हणूचा?"
"अगं, माझी बाग आहे ती!"
"पण थंय बसान करूचा काय?"

नव्या घरात येऊन तीन महिने झाले, आई बागेत एकदाही उतरलेली नाही. लिफ्टसमोरच्या लॉबीत तिचे झाडं लावलेले अकरा डबे आहेत. तेलाचे, रंगाचे, एक बिस्किटांचा. त्यांच्यापाशी स्टूल टाकून बसते. मला रडूच आलं. जेवणार नाही म्हटलं. मग सोलकढी दिसली आणि जेवले.

१३ नोव्हेंबर, गुरु.
माझं गवत भादरलं! शोभेचं, वाऱ्यावर डुलणारं, सरांनी खास निवडलेलं. न्हाव्याने मशीन फिरवावी तसा मधला अख्खा पट्टा साफ. वॉचमनला झापलं.
"बायका आल्या होत्या मॅडम."
"मग हटकलं का नाहीस?"
"ओरडून तुमचं नाव घेत होत्या. मी हां बोललो."
याला काय म्हणायचं?

१४ नोव्हेंबर, शुक्र.
'झाडांना हात लावू नये.' लाल अक्षरांत बोर्ड लावला. संध्याकाळी बघते तर बोर्डावर कोणाचं तरी पायपुसणं वाळतंय.

१५ नोव्हेंबर, शनि.
उलगडा झाला. तोही आमच्याच स्वयंपाकघरात. सकाळी चहा गाळताना आई सहज म्हणाली, "तुज्या गवताक वास नाय गो. दोनदा उकळलंय."
तू पण??
"कांबळेकाकून हाडून दिल्यान. गवती चहा म्हणान."
"न विचारता?"
"साद घातल्यान मगे तिना. तू घराक नाय, त्येका ती काय करतली?"

विसरलेच होते मी. चाळीत गॅलरीच्या कठड्याला सगळ्यांचे डबे टांगलेले असायचे. कोणाच्याही डब्यातलं काहीही तोडावं, पण मोठ्याने सांगून. "सावंतीणबाय, कढीपत्तो नेतंय गोऽ!" आतून "ने!" आलं की झालं. न सांगता नेलं तर ती चोरी, आणि मग सहा महिने अबोला. म्हणजे बायकांनी रीतसर माझ्या नावाने हाका मारल्या, वॉचमन हां म्हणाला, तेच माझं उत्तर धरलं. आणि मी त्या वेळी ऑफिसात 'निसर्गाशी जोडणे'ची स्लाइड करत बसले होते. लाज वाटली. जाऊन बोर्ड काढला. पायपुसणं घडी करून ठेवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळ.
शोभेचं गवत उपटलं, भायखळ्याहून खरा गवती चहा आणून लावला. सरांना कळवलेलं नाही. कळेल तेव्हा कळेल.

२० नोव्हेंबर, गुरु.
बिल्डिंग मॅनेजरची चिठ्ठी. आगीच्या वेळी वाट मोकळी हवी, लॉबीतले डबे-कुंड्या शनिवारपर्यंत हटवा, नाहीतर टाकून देणार. आई भांडलीसुद्धा नाही. एकेका डब्यातली पिकली पानं काढत बसली. मला बघवेना. म्हटलं, "सगळे आण बागेत. माझ्या कट्ट्यावर ठेव. सरांचं काय ते मी बघते."
कांबळे काकांनी लगेच नोटीस लावली: 'डबे खाली नेणे. शनि. स. ८ वा.' खाली शिक्का!

२२ नोव्हेंबर, शनि.
लिफ्टला ही रांग! माणसं कमी, डबे जास्त. मी टेप घेऊन उभी, ऊन कुठे, सावली कुठे सांगायला. कोणी विचारलं तर शपथ. सरांचा तो नदीसारखा वळणावळणाचा कट्टा, त्यावर मंडळींनी न ठरवता चाळ मांडली. जिन्याकडून नळाकडे. पहिला माळा, मग दुसरा, मग तिसरा. ज्यांनी खोल्या विकून विरार-कल्याण गाठलं, त्यांच्याही जागा सोडल्या. "हय नको ठेव, ही पेडणेकरांची." पेडणेकरांना जाऊन बारा वर्षं झाली असतील.

आणि आई खाली आली. साडी बदलून! सोळाची जागा बघितली, अकरा डबे लावले, मला म्हणाली, "स्टूल हाड." आणायला निघाले, पण मला मेलीला रडू आवरेना. टेप उघडी तशीच हातात.

अठराला कांबळे काकांचा पिंपळ. चाळीच्या पाइपात उगवलेला, पाडायच्या दिवशी काकांनी मातीसकट काढून आणलेला. तो कायम डब्यातच राहील असं काकांकडून लिहून घेतलं, नाहीतर मुळं खालचा स्लॅब फोडतील. काकांनी सही करून प्रत स्वतःकडे ठेवली. सोळा आणि अठराच्या मधे दीड फूट मोकळं. सतरा.

२४ नोव्हेंबर, सोम.
परब बागेत! हात मागे बांधून, इन्स्पेक्शनला आल्यासारखे. एकदम ओरडले, "माझ्या जागेत पाणी कोणी सांडलं?"
आई स्टुलावरूनच, "तुजी जागा? तुका थंय गाडी लावची आसा ना?"
गेले तरातरा. अर्ध्या तासाने परत आले, हातात तुळस. "आईची आहे," एवढंच बोलले. "घरात ऊन येत नाही." परबांची आई गेली ते वर्ष मला आठवतंय, मी दहावीला होते. डबा तोच.

संधी साधून म्हटलं, अर्ज मागे घ्या ना काका. म्हणाले, "बत्तीस लोकांना सही करायला लावलीय. आता मीच मागे घेतला तर तोंड कुठे दाखवू?"
आईला म्हटलं, तू तरी.
"मी शब्द दिलंय."
रोज दोन तास त्या बागेत बसणार, आणि २१ला ती काढायला हात वर करणार. डोकं फिरायची पाळी.

३ डिसेंबर, बुध.
सर आले. रंगाचे डबे बघून चेहरा उतरला.
"शलाका, हे काय?"
"रहिवासी, सर. जोडले गेलेत."
"प्रोजेक्टच्या फोटोत हे सगळं येणार."
"येणार."
आईने त्यांना स्टूल दिलं, थर्मासमधला चहा दिला. दोन कप प्याले. जाताना, "चहात काय होतं? छान होतं." त्यांनी निवडलेल्या गवताच्या जागी काय लावलंय, ते त्यांना मी सांगितलं नाही.

६ डिसेंबर, शनि.
कांबळे काका-काकू कालपासून दादरला, पाणीवाटपाच्या स्टॉलवर. पिंपळाला पाणी कोणी घातलं? परबांनी. आईने पाहिलं. "कोणाक सांगू नको म्हणालो," म्हणून मला सांगितलं.

१३ डिसेंबर, शनि.
परबांनी जिन्यात गाठलं. हळूच म्हणतात, "एकही डबा न हलवता किती गाड्या बसतात, ते काढून दे." काढलं. तीन तास मोजमाप केलं, अगदी प्रामाणिकपणे. दोन बसतात. त्यातली एक तिरकी.
कागद घडी करून खिशात घातला. मग, "तिरकी चालेल."

२० डिसेंबर, शनि.
उद्या अकराला मीटिंग, परबांचा अर्ज अजून तसाच. बोटांवर हात मोजले. चौदा पक्के आपले, बाकीचे सगळे 'बघू'. बाग गेली तर मी त्या पार्किंगवरून रोज कशी जाणार? आईला विचारलं, उद्या हात वर करणार? म्हणे, "खांदो दुखता हल्ली." यावर किती भरवसा ठेवायचा?

सकाळचं लिहून ठेवते. आई गॅसपाशी, मी खिडकीत. खालून हाक आली. नऊ मजले चढून, गिरणगावातलाच गळा तो: "शालूऽऽ, चार पाती नेतो गंऽऽ!"

परब. गवती चहाच्या वाफ्यापाशी उभे, मान वर करून. सोळा नंबरला हाक आली की 'ने' म्हणायचं ते आईने, हे जन्मापासूनचं. तिने तोंड उघडलंही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुका मारतत गो हाक. माका नाय."

खिडकीला जाळी, डोकं बाहेर निघेना. जाळीला तोंड लावून जिवाच्या आकांताने ओरडले, "न्याऽऽ!"
तेव्हा कुठे ते वाकले.